हंगामात बंद पडणारा कॉम्प्युटर

मागच्या वेळी आम्ही मिरगुंडांवर बोललो होतो. आज बोलायचं आहे कॉम्प्युटरवर. हसू नका. आता बहुतेक गटांकडे एखादा जुना-पाना कॉम्प्युटर असतोच. तो बंद पडला की सगळ्याजणी त्याच्याकडे आजारी गायीकडे बघावं तशा बघत राहतात. आम्हीही तशाच बघत होतो.

आमचा गट हमरापूर-जोहे पट्ट्यातला. इकडे घरोघरी गणपतीचे कारखाने, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आम्ही बाराजणी कच्च्या मूर्ती घेतो, रंगकाम आणि आखणी करतो आणि मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना देतो. ऑर्डरी, कोणी किती आगाऊ दिले, कोणाचे किती राहिले, बँकेच्या कर्जाचा हप्ता, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये. तो कॉम्प्युटर आम्ही जुना घेतला होता, आणि ठेवला होता कारखान्याच्याच कोपऱ्यात. ती पहिली चूक. पण त्यावर नंतर येतो.

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली. जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नाही. आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर मधूनच बंद व्हायला लागला. कधी आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायचा. सकाळी बटण दाबलं तर एका दाबण्यात उठायचा नाही. चार-पाचदा दाबावं लागायचं, मग एकदा उठला की तासभर बरा चालायचा. एके दुपारी ऑर्डरींची यादी उघडी असताना तो बंद पडला, आणि पुन्हा सुरू केल्यावर ती यादी उघडेचना. आगाऊ दिलेल्या माणसांची नावं त्या यादीत होती. आमच्यातल्या एकीने बारा दिवसांपूर्वी ती यादी मोबाईलवर मागवून घेतली होती म्हणून वाचलो. मधल्या बारा दिवसांच्या पावत्या पुस्तकातून शोधून पुन्हा लिहायला दोन रात्री गेल्या. तरी एक पावती सापडली नाही. त्या गिऱ्हाइकाने स्वतःच फोन करून सांगितलं की मी अमुक पैसे दिलेत. माणूस खरं बोलणारा होता म्हणून बरं.

कॉम्प्युटर दुकानात नेला. दुकानदाराने पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, साडेचार हजार लागतील, त्यापेक्षा नवाच घ्या. दुकानात तो नीट सुरू झाला होता, तरीसुद्धा! आम्ही विचारलं, इथे चालतोय मग बोर्ड गेला कसा? उत्तर आलं, ते तुम्हाला नाही कळायचं. मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकलं की सामान उचलून घरी यावं, असं आमचं मत झालं आहे.

आमच्यातल्या एकीची सून आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, माहेर रोह्याचं. ती म्हणाली, "काकू, कोण काय म्हणतंय ते राहू दे. आधी मोजूया." तिच्याकडे तीनशे रुपयांचा मल्टिमीटर होता. पुढचं सगळं आम्ही तिच्याबरोबर शिकलो, चुकतमाकत.

आधी थोडं समजून घेऊ. भिंतीतून येणारी वीज असते २३० व्होल्टची. कॉम्प्युटरच्या आतल्या नाजूक भागांना एवढी चालत नाही. त्यांना लागते १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट, तीही एकाच दिशेने वाहणारी, बॅटरीसारखी. हे रूपांतर करणारा जो पत्र्याचा डबा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला असतो, जिथे आपण मागून वायर खोचतो आणि जिथून पंख्याचा वारा येतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. घरात सगळ्यांना वाढणारी बाई आजारी पडली की कोणी उपाशी, कोणी अर्धपोटी, आणि बाहेरच्याला वाटतं सगळं घरच आजारी आहे. तसंच या डब्याचं. तो कमी पडला की कधी बोर्ड गेल्यासारखा वाटतो, कधी मेमरी, कधी विंडोज. म्हणून तर दोष भलत्यावर जातो.

आम्ही काय काय तपासलं ते सांगतो, चुकांसकट.

पहिल्यांदा यूपीएस. आमच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती. तो नुसता मध्ये बसून होता. तुमचा कॉम्प्युटर फक्त लाइट जाते तेव्हाच पटकन बंद पडत असेल तर आधी यूपीएसची बॅटरी बघा. दोन-तीन वर्षांत ती थकते, एसएमपीएसला दोष देऊ नका. आम्ही यूपीएस काढून कॉम्प्युटर सरळ भिंतीला लावला. तरी बंद पडतच होता.

मग सॉकेट बदललं. माजघरातल्या दुसऱ्या बोर्डवर लावला तर दिवसभरात एकदाच बंद पडला. आम्हाला वाटलं, सापडलं! कारखान्यातली वायरिंगच खराब. वायरमन बोलावला, त्याने सॉकेट उघडलं, आत एक टोक सैल होऊन काळं पडलं होतं. बदललं, पैसे दिले, सगळ्यांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर पुन्हा बंद. सैल सॉकेट होतं ते खरंच होतं, ते तसंच राहिलं असतं तर एक दिवस पेटलंही असतं. पण आमचा रोग तो नव्हता. एक दोष सापडला म्हणजे तोच दोष, असं नसतं.

मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसल्या. मेमरी बिघडली तर बहुधा सुरू होतानाच बीप-बीप वाजतं आणि पडद्यावर काही येत नाही. आमचं तसं नव्हतं. तापतोय का तेही पाहिलं. सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू बटण दाबलं की एक निळी-काळी पाटी येते, त्यात हार्डवेअर मॉनिटर नावाच्या पानावर आतलं तापमान दिसतं. आमचं पन्नाशीच्या आत होतं, म्हणजे ताप नव्हता. मात्र त्याच पाटीवर तारीख कित्येक वर्षं जुनी दिसली. आमची बिलं मधूनच जुन्या तारखेची का निघत होती ते तेव्हा कळलं! ते वेगळंच दुखणं. मदरबोर्डवर घड्याळासारखी एक गोल चपटी बॅटरी असते, ती संपलेली. थोड्या पैशांत मिळते, आपली आपल्याला बसवता येते. तिचा बंद पडण्याशी काही संबंध नव्हता.

आता खरी खूण कशी सापडली ते ऐका. आमच्यातली एक आखणीला बसलेली होती. डोळे आखताना हात हलता कामा नये, म्हणून तिचं लक्ष सगळ्या आवाजांकडे. ती म्हणाली, "अगं, कॉम्प्रेसर धडधडून सुरू होतो ना, तेव्हाच हा मेला बंद पडतो." आम्ही कोणीच हे जोडलं नव्हतं. रंगाच्या स्प्रेचा कॉम्प्रेसर टाकीतली हवा कमी झाली की आपोआप सुरू होतो. सुरू होताना मोटर क्षणभर खूप वीज ओढते, बल्बसुद्धा मान टाकतो. माजघरात लावल्यावर कमी का बंद पडला, तेही उलगडलं. माजघराची वायर मीटरपासून वेगळी जाते.

सूनबाईने मल्टिमीटर २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला. हे काम ज्याला माहीत आहे त्यानेच करावं, मीटर एसी व्होल्टवर मोठ्या आकड्याला ठेवून, पायात चप्पल घालून, हात कोरडे करून. एरवी २२८ दाखवत होता. कॉम्प्रेसर सुरू झाला तेव्हा आकडा १९६ वर आला आणि पुन्हा चढला. आम्ही म्हटलं, मग झालं, दोष कॉम्प्रेसरचा! ती म्हणाली, नाही काकू. धडधाकट एसएमपीएसने एवढा झटका सोसायला हवा.

का सोसायला हवा, ते तिने पाण्याच्या टाकीवरून समजावलं. डब्यात कपॅसिटर नावाचे गोल नळकांडे असतात. त्यात वीज साठते, गच्चीवरच्या टाकीत पाणी साठावं तशी. नळाचं पाणी क्षणभर थांबलं तरी घरातला नळ चालू राहतो ना, तसं. चांगला डबा वीज अगदी तुटली तरी सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ कॉम्प्युटर तगवतो. ऐकायला काहीच नाही, पण असे बारीक झटके त्यातच निघून जातात. कपॅसिटरच्या आत ओलसर द्राव असतो, तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतो. उष्णता दहा अंशांनी वाढली तर त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जाणकारांचा हिशेब आहे. टाकी तेवढीच दिसते, पण आत पाणी मावत नाही. थंड असताना तर तो आणखीच कमजोर असतो, म्हणून सकाळी चार-चारदा बटण दाबावं लागायचं आणि गरम झाल्यावर चालायचा. २००० नंतरच्या काही वर्षांत तर जगभर अशा खराब कपॅसिटरांची लाटच आली होती. फुगलेले, डोक्यावरून फुटून गळणारे. मोठमोठ्या कंपन्यांना बोर्ड बदलून द्यावे लागले. त्या काळातला जुना कॉम्प्युटर कोणी स्वस्तात देत असेल तर आत टॉर्च मारून नळकांड्यांची डोकी सपाट आहेत की फुगलीत, एवढं तरी बघा.

आमच्या डब्याला उष्णता का झाली, ते मागून बघितल्यावरच कळलं. पंखा अडखळत फिरत होता आणि जाळीवर पांढरा थर. पीओपीची आणि शाडूची धूळ! पावसाळ्यात आपल्याकडची दमट, खारी हवा तिला चिकटते आणि तिची पुटं होतात. वारा आत जाणार कुठून? एक करपट वासही येत होता. आम्ही तो इतके दिवस थिनरचा वास समजत होतो.

मग बाहेर येणारी वीज मोजली. कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप उघडली की रंगीत वायरींचा जुडगा दिसतो. रंग ठरलेले असतात. पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, आणि काळ्या सगळ्या परतीच्या. एखादा चार भोकांचा पांढरा प्लग मोकळा लोंबकळत असतो, एक पिवळी, दोन काळ्या, एक लाल. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, काळी टोकणी काळ्या वायरीच्या भोकात, लाल टोकणी पिवळ्याच्या भोकात. कॉम्प्युटर चालू असताना मोजायचं, कारण रिकाम्या हाताने कोणीही धावतं, डोक्यावर हंडा दिला की कळतं. फक्त दोन्ही टोकण्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. पाच टक्के वर-खाली चालतं. म्हणजे पिवळीवर ११.४ पासून १२.६ पर्यंत ठीक, लालवर ४.७५ पासून ५.२५ पर्यंत.

आमचा आकडा सकाळी ११.८ होता. आम्ही खूश. मग मूर्तींच्या फोटोंचा अल्बम उघडला, दोन-तीन कामं एकदम लावली, तर हळूहळू उतरत ११.१ वर आला. तेवढ्यात कॉम्प्रेसर धडधडला आणि पडदा काळा. शेवटचा झटका मीटरने दाखवला नाही, त्याला तेवढी चपळाई नाही. पण ११.१ पुरेसा होता.

तुमच्याकडे कॉम्प्युटर अजिबातच सुरू होत नसेल तर आणखी एक तपासणी आहे. भिंतीचं बटण बंद करून वायर काढायची. डब्यातून मदरबोर्डला गेलेला सगळ्यात रुंद, चोवीस भोकांचा प्लग बोर्डातून सोडवायचा. त्यात एकच हिरवी वायर असते. एक कागदाची पिन वाकवून हिरवीच्या भोकात आणि शेजारच्या कुठल्याही काळीच्या भोकात घालायची. मग वायर लावून भिंतीचं बटण चालू करायचं. पंखा फिरला तर डबा निदान जिवंत आहे. फिरला नाही तर बहुधा मेला. पण पंखा फिरला म्हणजे डबा चांगलाच आहे, असं मात्र नाही. आमचाही फिरत होता! आणि काही जुन्या डब्यांना मागे ११५ आणि २३० असं लिहिलेली लाल सरकपट्टी असते. ती आपल्याकडे कायम २३० वरच हवी. पुसताना चुकून ११५ वर सरकली आणि वीज लावली की फटकन आवाज आणि खेळ खलास.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो डबा स्वतः उघडायचा नाही. वायर काढून ठेवली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ साठून राहू शकतात. आमची सून शिकलेली, तरी तिने उघडला नाही. बाहेरच्या वायरी मोजायला हरकत नाही, पण स्क्रू काढून आत हात घालायचा नाही.

खात्री करायची शेवटची रीत सगळ्यात सोपी. शेजारच्या गटाकडून त्यांच्या कॉम्प्युटरचा डबा दोन दिवस उसना आणला. आपण साखर आणतो तसा! आमच्या कॉम्प्युटरला लावला. कॉम्प्रेसर मुद्दाम आठ-दहा वेळा चालू-बंद केला. आखणीवाली वैतागली, पण कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. पिवळीवर ११.९ आणि हललाच नाही. मदरबोर्ड ठणठणीत होता.

नवा डबा घेताना आम्ही फसता फसता वाचलो. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं. सूनबाईने बाजूची बारीक पाटी वाचायला लावली. १२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. कॉम्प्युटरचा बहुतेक भार या १२ व्होल्टवरच असतो, मग ४५० कुठे गेले? थोडे जास्त पैसे घालून दुसरा घेतला, पाटीवर ३० अँपिअर असलेला, हातात जड लागणारा. सगळं मिळून मदरबोर्डच्या निम्म्यातही काम झालं.

एक गोष्ट मात्र आम्ही इतके दिवस हसण्यावारी नेली होती. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मुलं मुद्दाम हात लावून मजा करायची. हे अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे. डब्याच्या आतून थोडी वीज पत्र्यापर्यंत येत असते, ती तीन पिनांच्या वायरीतल्या जाड पिनेतून जमिनीत जायला हवी. अर्थिंग नसेल तर ती पत्र्यावरच राहते आणि तुमच्या हातातून वाट काढते. एरवी झिणझिणीवर भागतं, पण आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली तर झिणझिणीवर भागत नाही, जीव जातो. वायरमनला घेऊन अर्थिंगचा खड्डा उकरला. आतला पाइप गंजून पार पत्रावळीसारखा झालेला! आपल्या खारेपाटात हे असंच. खाऱ्या ओल्या जमिनीत वीज चटकन उतरते खरी, पण लोखंडही तेवढंच चटकन खातं. नवा पाइप घातला, कोळसा-मीठ भरलं. डोंगराकडच्या मैत्रिणींनी उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं, जमीन सुकली की अर्थिंग नावालाच उरतं. आणि तिसरी पिन मोडून दोन पिनांत खोचायची सवय कोणाला असेल तर आजच सोडा.

आता कॉम्प्युटर माजघरात आहे, धुळीपासून लांब. महिन्यातून एकदा वायर काढून मऊ ब्रशने मागची जाळी साफ करतो. ओलं फडकं नाही. वादळ-पावसात लाइट गेली की प्लग काढून ठेवतो, आणि आल्यावर लगेच लावत नाही, पाच-दहा मिनिटं बल्ब स्थिर आहे का बघतो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुम्हाला आठवत असेलच. रायगडात कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. वीज आली की पहिली काही मिनिटं ती स्थिर नसते, आणि घरातली यंत्रं तेव्हाच जातात. यादीची प्रत रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेतो. ज्या दिवशी जिची पाळी, तिने पेनड्राइव्ह घरी न्यायचा.

जुना डबा भंगारवाल्याला किलोवर दिला नाही. आत शिसं आणि बाकी काय काय असतं, ते जाळून तांबं काढतात आणि तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. दुकानदाराने नव्याच्या बदल्यात तो परत घेतला, पन्नास रुपये कमी केले.

आणि मल्टिमीटर आता गटाच्या कपाटात असतो. ज्याला हवा त्याने वहीत सही करून न्यायचा. गेल्या महिन्यात तो तीन गावं फिरून आला. एका ठिकाणी मिक्सर, एका ठिकाणी पिठाची गिरणी, आणि एका ठिकाणी नुसताच सैल प्लग निघाला.